आठ वर्षं गेली, भविष्यवाणीही फिरली, आता आशा कशावर धरायची?

भाऊ, जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, आज सकाळी परत वाचला, घाईघाईत काहीतरी लिहून टाकायचं नव्हतं. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. हे भाऊ चोपडा तालुक्यातले, वय ३२. आठ वर्षं पीएसआयची तयारी केली, त्यातली पाच पुण्यात पेठेतल्या अभ्यासिकेत काढली, दोनदा मेन्सपर्यंत गेले, शेवटच्या वेळी ग्राउंड झालं इंटरव्ह्यू झाला आणि फायनल लिस्टला तीन मार्कांनी नाव हुकलं. त्याआधी एका उपास-प्रार्थनेच्या सभेत बाहेरून आलेल्या प्रचारकाने सगळ्यांसमोर डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, प्रभू म्हणतो या वर्षी तुझ्या अंगावर वर्दी येईल. तेव्हापासून गाव त्यांना 'फौजदार' म्हणायला लागलं, ते अजूनही म्हणतं. आता ते घरी आलेत, वडिलांबरोबर केळीत काम करतात, उपासनेला मागच्या सतरंजीवर बसतात आणि मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका वडीलजनांनी सांगितलंय की तुझा विश्वास कमी पडला. त्यांचा प्रश्न असा की देवाने मला बोलावलंच नव्हतं का, मग आता कशासाठी जगायचं. आणि एक छोटा प्रश्न शेवटी, नाताळात साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला सांगितलंय, मी उभा राहून बोलू काय.

मी २६ वर्षं पाळक आहे. सुरुवात नवापूरकडे झाली, मग भुसावळला रेल्वेवाल्यांची मंडळी सांभाळली, आता तापीकाठी केळीच्या पट्ट्यात आहे. अशा प्रश्नाला मी एकेकाळी पाच मिनिटात उत्तर द्यायचो, रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय अठ्ठाविसावं वचन, सगळं मिळून कल्याणासाठी होतं, चला प्रार्थना करू या. भुसावळला एका घरी ऐन मातीच्या दिवशी मी हेच वचन वाचलं, ज्याचा पोरगा गेला होता त्या माणसाने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि त्यानंतर तो मंडळीत आला नाही. वचन खरं आहे, आजही माझा त्यावर भरवसा आहे, पण मी ते त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं वापरलं होतं. तेव्हापासून मी आधी विचारतो, मग बोलतो. इथे तुम्हाला विचारायची सोय नाही, म्हणून काही गोष्टी कशावर अवलंबून आहेत ते आधी सांगून टाकतो.

पहिलं म्हणजे झोप आणि जेवण. तुम्ही लिहिलंय की रात्री तीनपर्यंत जागा असतो, जेवण जात नाही, मळ्यात पाणी द्यायला गेलो की तिथेच बसून राहतो. हे किती दिवसांपासून आहे ते लिहिलं नाही. दोन आठवड्यांच्या वर असं रोज चाललं असेल तर नुसतं पास्टरकडे येऊ नका, डॉक्टरकडे जा, जळगावला किंवा जिथे जमेल तिथे मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवा. आणि जीव नकोसा होतो असा विचार एकदाही आला असेल तर आजच घरातल्या एका माणसाला सांगा आणि १४४१६ ला फोन करा, सरकारची टेली मानस लाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलतात. यात विश्वासाची कमी वगैरे काही नाही. एलीया संदेष्ट्याचं बघा ना, कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरवणारा माणूस, थोड्याच दिवसांत रानात एका झुडपाखाली जाऊन म्हणाला की देवा पुरे झालं, माझा जीव घे. देवाने त्याला प्रवचन नाही दिलं. झोपू दिलं, दूत पाठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं, आणि बोलणं झालं ते चाळीस दिवसांनी होरेब डोंगरावर. नवापूरला आमच्या मंडळीत धुळ्याकडून लग्न होऊन आलेली एक म्हातारी आजी होती, कोणी रडत आलं की ती आधी ताटली पुढे करायची आणि म्हणायची, "पहिले जेवी ले भाऊ, मंग बोलसूत." मी बायबल कॉलेजात समुपदेशनाचा पेपर दिला होता, पण हे त्या आजीकडून शिकलो.

दुसरं म्हणजे कर्ज किती आहे, बहिणीचं लग्न वगैरे अडलंय का, परीक्षा परत द्यायला वय शिल्लक आहे का आणि मनात आहे का. यावर पुढचं पाऊल ठरतं आणि ते मी लांबून ठरवू शकत नाही. परत बसायचं असेल तर बसा, तो काही अविश्वास नाही, सोडायचं असेल तर सोडा, तीही हार नाही. माझं पुढचं बोलणं दोन्हीकडे सारखंच लागू आहे.

आता मूळ मुद्दा. मला तुमच्या प्रश्नात दोन दुःखं एकात एक अडकलेली दिसतात. एक म्हणजे नोकरी हुकली, आठ वर्षं गेली. दुसरं म्हणजे देव बोलला आणि फिरला, असं तुम्हाला वाटतंय. पहिलं दुःख मोठं आहे पण ते माणूस पचवतो, आपल्या भागात दर घराआड एक पोरगा हे पचवतोय. आत पोखरतंय ते दुसरं. कारण पहिल्यात फक्त निकाल हातातून गेला, दुसऱ्यात ज्याच्याजवळ जाऊन रडायचं तोच गेल्यासारखं झालं. म्हणून मी दुसऱ्यापासून सुरू करतो.

यिर्मयाचा २८ आणि २९ वा अध्याय आज बसून सलग वाचा. आपल्याकडे घराघरात २९:११ फ्रेम करून लावलेलं असतं, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत. पण त्याच्या आधीचं दहावं वचन कोणी फ्रेम करत नाही, तिथे लिहिलंय सत्तर वर्षं. म्हणजे बाबेलात बंदिवान करून नेलेल्या ज्या लोकांना यिर्मयाचं ते पत्र गेलं त्यातले बहुतेक तिथेच मरणार होते. आणि त्याआधी २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे, तो मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल, भांडी परत, राजा परत, बंदिवान परत. लोकांना काय गोड वाटलं असेल. यिर्मया काय करतो माहितीये? आधी तो आमेन म्हणतो, परमेश्वर तसंच करो म्हणतो. मला ही जागा फार आवडते, त्यालाही ते खरं व्हायला हवंच होतं, तो काही वाईट बातमीचा भुकेला नव्हता. पण देव तसं बोललेला नव्हता. हनन्याने बाबेलची गुलामी दाखवायला यिर्मयाने मानेवर घातलेलं लाकडी जू मोडून टाकलं, त्यावर देव म्हणाला, तू लाकडाचं मोडलंस, आता लोखंडाचं येईल. खोटी आशा मोडते तेव्हा आधीपेक्षा जड होऊन मानेवर बसते, हे तुम्ही सध्या रोज अनुभवताय.

तर त्या सभेत जे झालं त्याबद्दल स्पष्ट सांगतो. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायाच्या शेवटी लिहिलंय की कोणी परमेश्वराच्या नावाने बोलला आणि ते घडलं नाही तर ते परमेश्वराचं वचन नव्हतं, त्या माणसाने उन्मत्तपणे सांगितलं, त्याला भिऊ नका. बस. त्या प्रचारकाचा हेतू चांगला असेल, दुखावलेल्या पोराला धीर द्यावा वाटलं असेल, मी त्याच्या मनाचा न्याय करत नाही. भविष्यवाणी तुच्छ मानू नका असंही पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो, पण लगेच पुढे सांगतो की सगळ्याची पारख करा. तुमच्या बाबतीत पारख झाली, काळानेच केली. तो शब्द देवाचा नव्हता, म्हणजे देवाने शब्द मोडलेला नाही. हे वाक्य दोनदा वाचा भाऊ. माझ्याकडे बसलेल्या कितीतरी पोरापोरींना नुसतं एवढं ऐकून हुंदका फुटलाय, कारण इतके महिने ते देवावर रागावलेले असतात आणि तो राग कोणाला सांगता येत नाही.

वडीलजनांच्या बोलण्याचंही तसंच. विश्वास होता म्हणून मिळालं, नव्हता म्हणून गेलं, इतकं सोपं असतं तर इब्रीकरांस पत्राचा अकरावा अध्याय अर्ध्यावरच संपला असता. त्यात अर्ध्या लोकांनी विश्वासाने राज्यं जिंकली, सिंहांची तोंडं बंद केली, आणि त्याच विश्वासाने बाकीच्या लोकांना दगडमार झाला, करवतीने चिरलं, मेंढरांची कातडी पांघरून रानोमाळ फिरले. शेवटी लिहिलंय की विश्वासाबद्दल साक्ष सगळ्यांचीच झाली, तरी वचनाने सांगितलेलं फळ मिळालं नाही. आणि गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतः प्रार्थना केली की हा प्याला माझ्यापासून टळो, तो टळला नाही. तिथे कोणी म्हणेल का की त्याचा विश्वास तीन मार्कांनी कमी पडला? त्या वडीलजनांशी भांडायला जाऊ नका, पण त्यांचं ते बोलणं देवाचं म्हणून उराशी घेऊन झोपू नका.

आता आशेचं. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, अपेक्षाभंग आणि निराशा, आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो. पण नीट बघा, अपेक्षाभंगात भंग होतो तो अपेक्षेचा, अमुक साली अमुक पोस्ट अमुक वर्दी. निराशेत आशाच निघून जाते. एक झालं की दुसरं व्हायलाच पाहिजे असं नाही. अपेक्षा आपण ठरवतो, तारखेसकट ठरवतो. आशा मात्र कोणावर तरी असते. मूल बापाकडून खेळण्याची अपेक्षा करतं, खेळणं आलं नाही तर रडतं, पण रडत रडत बापाच्याच मांडीवर येतं, ती आशा. तुमची अपेक्षा मोडली, ती खरोखर मोडली, तिला मोडली म्हणा, तिच्यासाठी रडा. पण मांडी सोडू नका.

तुमच्या घरी केळी आहे म्हणून मला हे केळीत सांगणं सोपं जातं. मे-जूनचं वादळ तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली बाग, कापणीला पंधरा-वीस दिवस राहिलेले, संध्याकाळी वारा सुटतो आणि अर्ध्या तासात खोडं आडवी, हिरवे घड मातीत. सकाळी बांधावर शेतकरी बसलेला असतो, त्याच्याशी बोलवत नाही. वर्षभराचं खत, ठिबक, मजुरी सगळं आडवं पडलेलं. पण मग चार-सहा दिवसांनी तोच माणूस विळा घेऊन आत जातो, पडलेलं खोड कापतो आणि बुडाशी वाकून बघतो की पील, म्हणजे कंदातून फुटणारं नवं रोप, कसं आहे. वाऱ्याने खोड पाडलं, कंद जमिनीत शाबूत आहे. ईयोबाने फार पूर्वी म्हटलंय, झाडाला आशा असते, तोडलं तरी ते पुन्हा फुटतं, पाण्याच्या नुसत्या वासाने त्याला धुमारे येतात. ईयोब ते स्वतःच्या दुःखात म्हणतो, झाडाला आहे मग माणसाला का नाही, असं विचारत म्हणतो. त्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर आपण ख्रिस्ताच्या रिकाम्या कबरेत बघतो, आपली आशा तिथे उभी आहे, कोणत्याही लिस्टवर नाही. पेत्र तिला जिवंत आशा म्हणतो ते यासाठीच.

पण केळीवाल्याला अजून एक गोष्ट माहीत असते आणि ती सांगितल्याशिवाय हे अर्धवट राहील. बागेत हरण्या रोग आला, सीएमव्ही नावाचा व्हायरस, पानांवर पिवळे पट्टे, पोंगा म्हणजे मधलं कोवळं पान सडायला लागलं, तर तिथे पील राखत नाहीत. त्या व्हायरसवर औषध नाही, मावा तो शेजारच्या झाडावर नेतो, म्हणून झाड मुळासकट उपटून जाळायचं नाहीतर पुरायचं, कितीही जीव तुटला तरी. तर स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, माझ्या त्या अपेक्षेतलं काय वादळाने पडलं आणि कशाला आधीपासून रोग होता. लोकांना न्याय मिळावा, पोलीस स्टेशनात गरीब माणूस घाबरू नये, आईवडिलांना म्हातारपणी बरे दिवस यावेत, हे तुम्ही लिहिलंय, हा कंद आहे, हा चांगला आहे, याला पील येईल, खाकीत आलं नाही तरी दुसऱ्या कशात येईल. पण भावकीला दाखवून देईन, ज्यांनी हिणवलं ते सलाम ठोकतील, हेही तुम्हीच लिहिलंय, आणि ते लिहायला धाडस लागतं म्हणून मला तुमचा आदर वाटतो. ते मात्र हरण्या आहे भाऊ. ते उपटा. ते ठेवलं तर पुढच्या चांगल्या गोष्टीलाही लागेल. कोणतं काय आहे हे एकट्याने ओळखणं अवघड जातं, एखाद्या शहाण्या माणसाजवळ बसून ओळखा, शेतातही आपण शेजारच्याला बोलावून दाखवतोच.

माझं स्वतःचं सांगतो. नवापूरकडे असताना पाड्यावरच्या पोरींसाठी एक छोटं वसतिगृह काढायचं माझ्या फार मनात होतं. पोरी सातवीनंतर शाळा सोडायच्या, आईबापाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जायच्या. एका संस्थेने पैशाचा शब्द दिला, मंडळीने भाताची पोती विकून आपला वाटा जमवला, मी उपास धरले, जमीन मिळाली, पाया खोदला, जोतं उभं राहिलं. आणि संस्थेचं पत्र आलं की आमचं धोरण बदललं, निधी थांबवत आहोत. चार ओळी होत्या. वसतिगृह आजपर्यंत झालेलं नाही. मी दर रविवारी त्या जोत्यासमोरून उपासनेला जायचो, त्यावर शेळ्या बसलेल्या असायच्या, आणि मला वाटायचं की मंडळीतला प्रत्येक जण माझ्याकडे आणि त्या जोत्याकडे बघतोय. दीड वर्ष मी नीट प्रार्थना करू शकलो नाही. संदेश द्यायचो, पण आतून कोरडा.

त्या काळात एका रविवारी इब्रीकरांस पत्राचा सहावा अध्याय वाट्याला आला, आशा ही आपल्या जिवाचा नांगर आहे. मी जहाजाचा नांगर समजावून सांगितला, उकईच्या बॅकवॉटरला मासेवाले दोरीला दगड बांधून पाण्यात सोडतात तसं, होडी हलते पण वाहून जात नाही. उपासना झाल्यावर एक म्हातारे शेतकरी काका थांबले, म्हणाले, पास्टर, तुम्ही पाण्यातलं सांगितलं पण मी तर आपला शेतातला नांगर समजलो, मला वाटलं आशा जीव फाडते मग पेरता येतं. मी त्यांना चूक म्हणालो नाही. मूळ ग्रीक शब्दाला होडीचाच अर्थ आहे, काकांचा अर्थ मराठीतून आलेला, पण रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल नेमकं तेच बोलतो की, संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा. म्हणजे आशा नांगरटीच्या शेवटी येते. मी समजत होतो की आशा आधी लागते आणि मग संकट सोसता येतं.

जोत्याचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण तुम्हाला खोटा शेवट द्यायचा नाही. उन्हाळ्यात बाया त्यावर मिरच्या आणि कुरडया वाळवायला लागल्या, स्वच्छ आणि उंच जागा, शेळ्या हाकलल्या. मग पहिल्या पिकाचा सण त्यावर व्हायला लागला. मग दोन शिकलेल्या मुली संध्याकाळी तिथे पोरींचा अभ्यास घ्यायला बसायला लागल्या, आधी कंदील, नंतर एक बल्ब. सगळ्या पोरी शिकल्या असं नाही, बऱ्याच तरीही ऊसतोडीला गेल्या. वसतिगृह झालं असतं तर जास्त झालं असतं, हे मी आजही म्हणतो, आजही त्या जोत्याचं वाईट वाटतं. पण ते रिकामं राहिलं नाही.

यावरून तुमच्या 'कशासाठी जगायचं' वर येतो. आपण उद्देश म्हटलं की एक मोठी पाटी शोधतो, अमुक पद, अमुक सेवा. बायबलात देव बऱ्याचदा पुढचं एवढुसं काम देतो. बाबेलातल्या हिरमुसलेल्या लोकांना यिर्मयाच्या पत्रात काय सांगितलं, घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, आणि ज्या शहरात नेलंय त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. पौलाला बिथुनियात जायचं होतं, आत्म्याने जाऊ दिलं नाही, तो त्रोवसला येऊन थांबला, पुढचं काय ते त्याला तेव्हा माहीत नव्हतं, रात्री दृष्टांत झाला तेव्हा मासेदोनियाची वाट कळली. तोच पौल करिंथकरांना लिहितो की आशिया प्रांतात आमच्यावर इतकं ओझं आलं की आम्ही जगायचीही आशा सोडली होती. आपल्या मराठी मंडळीत पंडिता रमाबाईंचं उदाहरण आहे. दुष्काळात आईवडील गेले, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला, आणि जिच्या हाती निराधार बायका-मुलींसाठीच्या मुक्ती मिशनचं काम सोपवायचं असं ठरलं होतं ती एकुलती मुलगी मनोरमा १९२१ च्या जुलैत गेली. बाई स्वतः १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. मधल्या आठ-नऊ महिन्यांत त्या काय करत होत्या, तर साध्या बायांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर पुरं करत होत्या. मी आजारी पडलो किंवा मन खचलं की त्या आठ-नऊ महिन्यांचा विचार करतो.

तर तुमच्यापुढे आज काय आहे ते बघा. आठ वर्षांत तुम्हाला कायदा, राज्यघटना, गणित, चालू घडामोडी एवढं येतं जे तालुक्यात फार थोड्यांना येतं. मंडळीत दहावीची सहा-सात पोरं तरी असतील ज्यांचं गणित कच्चं आहे. पाड्यावर वनहक्काचे दावे वर्षानुवर्षं पडलेत, कोणाला नोटीस वाचता येत नाही, कोणाचा जातीचा दाखला अडलाय, पोलीस स्टेशनात तक्रार कशी लिहायची ते माहीत नाही. माझ्या जुन्या मंडळीतला एक पोरगा, त्याचीही परीक्षा हुकली होती, आज आठवड्यातून एक दिवस टेबल टाकून बसतो आणि लोकांचे अर्ज लिहून देतो. पोटासाठी तो दुसरं करतो, हे पोटाचं नाही. मी असं म्हणत नाही की हीच तुमची सेवा, ते मला कसं कळणार. मी म्हणतो की आठवड्यातून दोन संध्याकाळी एक ठरलेलं काम घ्या, तीन महिने करा, मूड असो नसो. उद्देश घरी बसून विचार करून कोणाला सापडल्याचं मी फारसं बघितलं नाही, कामात हात घातलेल्यांना सापडताना बघितलंय.

आत्तापर्यंतचं एकदा सांगतो, कारण लांबलं. जेवण-झोप आधी, गरज असेल तर डॉक्टर. ती भविष्यवाणी देवाची नव्हती, म्हणून देवावरचा तो आरोप खाली ठेवा. जे मोडलंय त्याला मोडलं म्हणा. वादळाने पडलेलं आणि रोगाने सडलेलं वेगळं करा. आणि एक छोटं काम.

रडण्याबद्दल एक राहिलं. आपल्या मंडळ्यांमध्ये आनंदाची गाणी भरपूर आणि विलापाला जागा नाही, ही आपली चूक आहे असं माझं ठाम मत आहे. स्तोत्रसंहितेत विलापाची कितीतरी स्तोत्रं आहेत. तेराव्या स्तोत्रात दावीद पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'किती वेळ' विचारतो. ८८ वं तर अंधारातच संपतं, त्याला शेवटी हालेलुया नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि ते देवालाच उद्देशून आहे. मी लोकांना एक शंभर पानी वही आणायला सांगतो आणि रोज एक 'किती वेळ' लिहायला सांगतो, देवाचं नाव घालून, सभ्य शब्दांची काळजी न करता. तुम्हीही लिहा.

आणि अम्माऊसची वाट वाचा, लूक २४. ते दोघे म्हणतात, आम्हाला आशा होती की हाच इस्राएलाची मुक्ती करणारा आहे. आशा होती, भूतकाळात. यरुशलेम सोडून उलट्या दिशेला चाललेले. प्रभू त्यांना रस्त्यात अडवून परत फिरा म्हणत नाही, त्यांच्याबरोबर उलट्याच दिशेने चालत राहतो, दहा-अकरा किलोमीटरची वाट. आधी विचारतो की काय बोलताय, आणि त्यांचं सगळं रडगाणं पूर्ण ऐकून घेतो, मग शास्त्र उलगडतो. ते त्याला ओळखतात ते मात्र जेवायला बसल्यावर, भाकर मोडताना. तुम्ही मागच्या सतरंजीवर बसता ना, बसा. तो तिथेही येतो. फक्त उपासनेला यायचं सोडू नका.

वडिलांविषयी तुम्ही एकच ओळ लिहिलीये की ते काही बोलत नाहीत. आपल्याकडचे बाप बोलत नाहीत, त्यांनी पाइपलाइनचं काम पुढे ढकलून पुण्याला पैसे पाठवले असतील आणि आता तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प असतील. रात्री पाण्याची पाळी असेल तेव्हा त्यांच्याबरोबर मळ्यात जा, बांधावर बसून एवढंच म्हणा की आबा, तुमचे पैसे गेले याचं मला फार लागतं. पुढचं त्यांच्यावर सोडा. तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा वेगळं काहीतरी ऐकायला मिळेल असा माझा अंदाज आहे, अशा बऱ्याच आबांबरोबर मी बसलोय.

'फौजदार' या हाकेचं दोन-चार जवळच्या मित्रांना सरळ सांगा की भाऊ, ते नको, नावाने हाक मार. दुखतं ते सांगण्यात कमीपणा नाही. गाव हळूहळू थांबेल.

आता साक्ष. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पाळकांना सांगा की यंदा मला जमणार नाही, त्यांना राग आला तरी चालेल. पण उभं राहायचं ठरवलं तर विजयाची गोष्ट रचू नका, आणि त्या प्रचारकाला किंवा वडीलजनांना सगळ्यांसमोर टोमणाही मारू नका. तेरावं स्तोत्र उघडा, सहाच वचनं आहेत, सावकाश वाचा. मग म्हणा की मी सध्या दुसऱ्या वचनापर्यंत आलोय, सहाव्यापर्यंत पोचायचंय, माझ्यासाठी प्रार्थना करा. आणि खाली बसा. त्या सतरंजीवर तुमच्या शेजारी जो कोणी बसलेला असेल तोही बहुतेक दुसऱ्याच वचनावर असेल, उपासना झाल्यावर त्याच्याशी बोला.